दोघी रंगूनला उतरलो तेव्हा

आमच्या भाऊबंदांत ही हकीकत सांगताना लोक अजून 'बिचाऱ्या' म्हणतात. बिचाऱ्या सासू-सुना, परक्या मुलखात गेल्या, कुणी दारात उभं केलं नाही, उघड्यावर दिवस काढले. मी थोडा वेळ ऐकून घेते आणि मग सांगणाऱ्याला मध्येच थांबवते. पहिले काही दिवस आम्ही उघड्यावर राहिलो ते आम्हाला कुणी आत घेतलं नाही म्हणून. पुढचे दिवस राहिलो ते, आत बोलावलं तरी आम्ही गेलो नाही म्हणून. हा फरक सांगायचा राहून जाऊ नये एवढ्यासाठीच लिहायला बसले आहे.

माझं माहेर ब्राह्मणपुरी आणि सासर कोरीट. मी सासरी आले तेव्हा सासरे वारलेले होते आणि जमीन सासूबाई पाहत होत्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. उंचीनं बेताच्या, आवाज मात्र वावराच्या या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. पेरणी, निंदणी, मिरचीची तोडणी, बाजारात भाव करणं, सगळं त्याच करत. त्यांचे चुलत दीर शेजारच्याच घरात राहत. घरात पुरुष माणूस नाही म्हणून आमच्या प्रत्येक गोष्टीत बोलण्याचा हक्क आपल्याला आहे, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. आत्याबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पुढे ओढत, सगळं ऐकत, आणि मग स्वतःच्या मनाचं करत.

माझे यजमान नंदुरबारच्या कापसाच्या जिनात इंजिनावर काम शिकले होते. तिथून एका सुरती व्यापाऱ्याच्या माणसानं त्यांना रंगूनला नेलं, शेठच्या भात सडायच्या गिरणीत. आमच्याकडून सुरतेला गाडी जाते, त्यामुळे गुजराती व्यापाऱ्यांचं येणंजाणं नेहमीचंच होतं. पण कोरीटच्या कुणी समुद्र ओलांडल्याचं तोवर ऐकिवात नव्हतं. लग्नानंतर ते एकदा आले, मग आणखी एकदा. दोन्ही वेळा म्हणाले, "पुढच्या खेपेला घेऊन जातो." पुढची खेप आलीच नाही. पैसे येत, खुशाली येत असे, माणूस येत नव्हता. गावात बोललं जायचं की त्यानं तिकडे बर्मी बाई ठेवली आहे. विहिरीवर बायका माझ्याशी जरा जास्तच गोड बोलू लागल्या. मला त्या गोडपणाचा जितका राग येई तितका दुसऱ्या कशाचा येत नसे.

त्या वर्षी मिरची चांगली आली. होळी झाली आणि आत्याबाई एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "चाल वं पोरी, जाई देखूत."

मी विचारलं, "कुठे?"

"जठे तो शे तठे."

तो जिथे आहे तिथे. मला वाटलं त्या रागानं बोलताहेत. पण त्या रागावलेल्या नव्हत्या. शहाद्याचा एक माणूस रंगूनला परत निघाला होता, त्याच्याबरोबर निरोप त्यांनी आधीच धाडला होता, की होळीनंतरच्या बोटीनं आम्ही येतो. मला त्यांनी शेवटी सांगितलं इतकंच.

चुलत सासरे ओट्यावर येऊन उभे राहिले. त्यांच्या मागे आणखी दोघं-तिघं. ते म्हणाले, "बाया एकल्या समुद्रपार जाशात? घरनं नाक कापशात!"

आत्याबाईंनी पदर पुढे घेतला आणि आतूनच उत्तर दिलं, "नाक मन्हं शे. मी संगे लई जासू."

नाक स्वतःबरोबर नेण्याच्या त्या उत्तरानं मला हसू आलं आणि भीतीही वाटली. आम्ही निघालो.

नंदुरबारहून भुसावळ, तिथून नागपूर, तिथून कलकत्ता. आगगाडीत मी सारखी आत्याबाईंकडे पाहत होते, त्या कुठे घाबरतात का म्हणून. त्या समोरच्या बाईला आमच्याकडच्या मिरचीबद्दल सांगत होत्या, अहिराणीत. ती बाई बहुधा उडिया असावी. तिला एक अक्षर कळत नव्हतं आणि त्यामुळे आत्याबाईंचं काही अडत नव्हतं. माणसाला सगळं कळलंच पाहिजे असं त्यांना कधी वाटलं नाही. बोललं पाहिजे, एवढं वाटायचं.

बोटीत आम्ही डेकवर होतो. बोट लागून मी आडवी पडले. आत्याबाई माझ्या डोक्याशी बसून लसणाची चटणी हुंगायला देत. मग पाणी मातकट झालं, आमच्या तापीला पूर आल्यावर होतं तसं, आणि लोक कठड्याशी गोळा झाले. लांबवर झाडांच्या वर सोन्याचा कळस दिसत होता. एवढा मोठा कळस मी पाहिला नव्हता. त्याच्याखाली नदीच्या काठानं गिरण्यांची धुराडी, गोदामं, होड्या, आणि एवढी माणसं की वाटलं, सारंगखेड्याची जत्रा इथे रोजच भरते की काय.

धक्क्यावर ते नव्हते.

आम्ही आमची बोचकी घेऊन एका बाजूला उभ्या राहिलो. माणसं उतरली, भेटली, रडली, हसली आणि गेली. धक्का मोकळा होत गेला. उरल्या आम्ही दोघी, पिठाचं गाठोडं, मिरच्यांचं गाठोडं आणि माझी पत्र्याची पेटी. कुणीतरी येईल म्हणून मी वाट पाहत होते. आत्याबाईंनी मात्र तेवढ्यात एका हमालाला शेठचं नाव सांगितलं होतं. तो तेलंगी होता, पण ते नाव त्याला ठाऊक होतं. माणूस ओढत नेतो ती दुचाकी गाडी त्यानं आम्हाला ठरवून दिली. माणसानं ओढायच्या गाडीत बसायला आत्याबाई आधी तयारच होईनात. शेवटी सामान गाडीत चढलं आणि आम्ही मागून चालत गेलो.

शेठची पेढी मोठी होती. मुनीम गुजराती, डोक्यावर काळी टोपी, स्वभावानं वाईट नसावा. त्यानं सांगितलं की निरोप पोचला होता, पण त्याआधीच आमच्या माणसाला नदीनं वर शेठच्या दुसऱ्या गिरणीवर पाठवलं आहे. तिथलं इंजीन बिघडलं आहे. परत कधी येईल ते सांगता येत नाही. पंधरा दिवस लागतील, महिनाही लागेल.

"तो राहतो कुठे?" मी विचारलं. संपूर्ण प्रवासात परक्या पुरुषाशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

मुनीम म्हणाला, गिरणीच्या चाळीत, एका खोलीत आठ जण. तिथे बायकांची सोय नाही. मग त्यानं मान खाली घालून हळूच सांगितलं की हीच बोट चार दिवसांनी कलकत्त्याला परत जाते, त्यात बसून जावं हेच बरं.

आत्याबाईंना गुजराती पुरतं समजायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "धर्मशाळा कोठे शे?" एवढंच विचारलं.

धर्मशाळा आपल्या हिंदू लोकांचीच होती. दगडी जोतं, रुंद ओटा, आत मोठं चौकोनी अंगण आणि अंगणात तुळस. तुळस पाहून मला इतकं बरं वाटलं की मी बोचकं खाली ठेवलं. व्यवस्थापक दारातच खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आमच्या मागे पाहिलं, आमच्या मागे कुणी आहे का ते. मग म्हणाला, "साथे मरद नथी?"

"मरद धुंडालेच उनूत आम्ही," आत्याबाई म्हणाल्या. त्यालाच शोधायला तर आलो होतो.

त्यानं मान हलवली. बायका एकट्या असल्या तर खोली मिळत नाही. संस्थेचा नियम आहे.

"एकल्या कोठे? दोन जनी शेतस."

तो हसला नाही. कुणातरी पुरुषाला बरोबर आणा, ओळखीच्या, नात्यातल्या, म्हणजे खोली देतो म्हणाला. परक्या शहरात ओळखीचा पुरुष आणायचा कुठून? मी म्हटलं, आमचं माणूस शेठच्या गिरणीत आहे, मुनिमाला विचारा. तो म्हणाला, मग मुनिमालाच तुमची सोय करू द्या. आणि आमच्यासमोर त्यानं दार ओढून घेतलं. अर्धवट नाही, पूर्ण. आतून कडी घातल्याचा आवाज आम्ही ऐकला.

आम्ही पेढीवर परत आलो तेव्हा मुनिमाला बहुधा वाईट वाटलं असावं. त्यानं आम्हाला शेठच्या घरी नेलं. शेठाणी हिंदोळ्यावर बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला नीट न्याहाळलं, मग म्हणाल्या की स्वयंपाकघरामागे जागा आहे, तिथे राहा. सून दळण-कांडणाला मदत करेल, सासू भांड्यांना हात लावेल, तसं फुकट कुणी राहत नाही. त्यांनी ते चांगुलपणानंच म्हटलं असेल. माझ्या मनात आलं, होकार द्यावा. पाय दुखत होते, बोटीतल्या डोलण्यानं डोकं अजून फिरत होतं.

आत्याबाई हिंदोळ्यासमोर जमिनीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. "आम्ही पाव्हन्या शेतस," त्या म्हणाल्या. "भांडा घासाले नही उनूत." आणि वळून चालू लागल्या.

रस्त्यावर आल्यावर मला रडू कोसळलं. आत्याबाई थांबल्या. त्यांनी मला उगी उगी केलं नाही. म्हणाल्या, "रड. पन चालता चालता रड." आम्ही चालत राहिलो. कुठे जायचं हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आम्ही फक्त त्या घरापासून आणि त्या दारापासून लांब जात होतो, आणि तेवढी दिशा त्या दिवशी मला पुरेशी वाटत होती.

शहराच्या कडेला, नदीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, एक लहानसं बौद्ध देऊळ होतं. मोठ्या सोन्याच्या कळसासारखंच, पण चुन्यानं पांढरं केलेलं. त्याच्या शेजारी लाकडाची एक मोठी ओसरी होती. वर कौलारू छप्पर, खाली गुळगुळीत फळ्या, भिंती नाहीत. तिथे एक म्हातारा झोपला होता आणि दोन बायका टोपलीतलं काही निवडत होत्या. पायऱ्यांपाशी एक जाडजूड बर्मी बाई फुलं आणि मेणबत्त्या विकत बसली होती. तिच्या केसांत फूल होतं आणि तोंडात मनगटाएवढी जाड विडी. मी अशी बाई आयुष्यात पाहिली नव्हती. भर रस्त्यात, दिवसाउजेडी, पुरुषांच्या देखत ती धूर सोडत होती आणि सुटे पैसे मोजत होती.

तिनं आमच्याकडे पाहिलं. आमच्या बोचक्यांकडे पाहिलं. विडी काढून म्हणाली, "ठाईं बा."

आम्ही नुसत्या उभ्या. तिनं ओसरीच्या फळीवर हात आपटला. "ठाईं बा!"

बसा. पुढे मी त्या भाषेत बाजार केला, भांडले, शेजारणींचं सांत्वन केलं, पण मी शिकलेले पहिले शब्द ते. आत्याबाई पायऱ्या चढल्या, फळीवर बसल्या, पाय लांब केले आणि डोळे मिटून घेतले. त्या किती दमल्या होत्या ते मला तेव्हा कळलं.

त्या ओसरीला झयात म्हणतात. वाटसरूनं यावं, राहावं, जावं. कोण, कुठला, बाई की बुवा, बरोबर कुणी आहे की नाही, असं कुणी विचारत नाही. पुण्य लागतं म्हणून लोक त्या बांधतात. आमच्या गावीही पुण्यासाठी पुष्कळ काही बांधतात, पण तिथे विचारपूस फार असते.

आम्ही तिथे राहिलो. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून चूल केली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. फुलवाली बाई वास घेत जवळ आली. आत्याबाईंनी तिला भाकरीचा तुकडा आणि वर ठेचा दिला. तिनं खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं आणखी मागितला. नंतर ती स्वतःकडचं वाटीत घेऊन आली. सडवलेली मासळी होती. त्या वासानं आत्याबाई उठून पायऱ्यांपर्यंत गेल्या. दोघी एकमेकींकडे पाहून एवढ्या हसल्या की तो झोपलेला म्हातारा जागा झाला. मग त्या रोज बोलू लागल्या, एक अहिराणीत, दुसरी बर्मीत. आत्याबाई मला सांगायच्या, "हाईना दोन पोऱ्या शेतस आनि एक पोर. नवरा दारू पेस." कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "सांगं ना तिनी." पुढे मला भाषा आली तेव्हा मी खात्री करून घेतली. सगळं खरं होतं. फक्त आत्याबाई म्हणत तसे मुलगे दोन नव्हते; मुली दोन आणि मुलगा एक, एवढाच फेर.

दिवसा मी त्या फुलवालीच्या शेजारी बसायची. बाजारात पाहावं तिकडे बायकाच दुकानं मांडून बसलेल्या. कापडाचं दुकान बाईचं, भाताच्या पोत्यांचा सौदा करणारी बाई. नवरा मागे मूल घेऊन बसलेला. कुणी पदर ओढत नव्हतं, कारण पदरच नव्हता. मला आधी लाज वाटली, मग नवल, आणि मग मनात एक हावरेपणा आला. मला त्यांच्यासारखं सरळ बसायला यावं असं वाटू लागलं. मी एकदा तशी बसून पाहिलं. आत्याबाईंनी एकदा पाहिलं आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली.

बोट कलकत्त्याला परत गेली. आम्ही गेलो नाही.

त्यानंतर काही मंडळी आली. चार-पाच जण. एक-दोन गुजराती, एक कारकून, आपल्या मराठी मुलखातलाच, आणि धर्मशाळेचा तो व्यवस्थापक. कुणीतरी आम्हाला पाहून बातमी नेली असावी की दोन हिंदू बायका बर्म्यांच्या झयातात राहताहेत, तिथेच शिजवतात, तिथेच आंघोळीला नळावर जातात. कारकून शुद्ध मराठीत बोलला. आपल्या लोकांची इथे अब्रू आहे, म्हणाला. चार लोक नावं ठेवतात. तुम्ही आता धर्मशाळेत चला. संस्थेनं विशेष बाब म्हणून एक खोली मोकळी केली आहे.

व्यवस्थापक आमच्याकडे पाहत नव्हता. माझ्या मनात तुळस आली. दार, कडी, चार भिंती, आडोसा. झयातात मला कपडे बदलतानाही जीव मुठीत धरावा लागत असे.

आत्याबाई हातावरची भाकरी तव्यावर टाकून मगच उठल्या. हाताला पीठ तसंच.

"चार दिन पहिले आम्हले दार नही उघडं," त्या म्हणाल्या. "आते आम्हले तुमनं दार नही पाहिजे."

"मावशी, हट्ट करू नका," कारकून म्हणाला. "या बर्म्यांचा भरवसा धरू नका. मागे इथे केवढा दंगा झाला, तुम्हाला माहीत नाही. आपली माणसं रस्त्यावर मारली यांनी."

दंग्याचं खोटं नव्हतं. पुढे मी त्याच्या गोष्टी दोन्ही बाजूंनी ऐकल्या. आत्याबाईंनी पिठाचा हात फुलवालीकडे केला. "हाई बाई आम्हले 'बठा' म्हननी. तुम्ही काय म्हनेल व्हतं?"

एक गुजराती गृहस्थ चिडले. पोलिसांना सांगून उठवावं लागेल, असं म्हणाले. आवाज चढला तशी फुलवाली उठली. तिला शब्द कळले नव्हते, पण चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. ती त्यांच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली, कमरेवर हात, तोंडात विडी. निवडत बसलेल्या त्या दोन बायकाही उठल्या. तेवढ्यात देवळातून एक म्हातारा भिक्खू आला. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं, आमच्या चुलीकडे पाहिलं, फुलवालीला काही विचारलं. मग तो चार शब्द बोलून परत गेला. फुलवालीनं फळीवर हात आपटून आम्हाला त्याचा अर्थ सांगितला.

तेव्हा मी बोलले. कारकुनाकडे सरळ पाहून, त्याच्यासारख्याच शाळेतल्या मराठीत. ब्राह्मणपुरीच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली ती मराठी मला आजवर कुठे वापरायला मिळाली नव्हती. मी म्हटलं, "आमची अब्रू आम्ही आणली तशीच आहे. तुमच्या दारात ती उभी होती तेव्हा तुम्ही आत घेतली नाहीत. आता आमचं माणूस येईपर्यंत आम्ही इथेच राहणार. तुम्ही परत येऊ नका."

मंडळी गेली. तव्यावरची भाकरी जळली होती. आत्याबाईंनी ती तशीच खाल्ली आणि फुलवालीकडून विडी घेऊन एक झुरका मारला. एवढा ठसका लागला की पुन्हा त्या वाटेला त्या गेल्या नाहीत.

मग त्यांचा पाण्याचा सण आला. रस्त्यात पोरी, पोरं, म्हातारे, सगळे एकमेकांवर पाणी फेकत होते, ओळख नसलेल्यावरही. आत्याबाईंवर पहिली बादली पडली तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी अपमान केला. त्या ओरडायच्या बेतात होत्या. मग शेजारी उभ्या भिकाऱ्यापासून पोलिसापर्यंत सगळेच भिजलेले दिसले. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांपाशी पाण्यानं भरलेली घागर घेऊन त्याच उभ्या होत्या.

त्याच दिवसांत ते आले. नदीवरून परत येताच मुनिमानं त्यांना सांगितलं असावं. मी त्यांना लांबून ओळखलं. अंग भरलं होतं, अंगात पांढरा सदरा. आम्ही दोघी ओल्या लुगड्यांत पायरीवर बसलो होतो.

त्यांनी आईच्या पाया पडायलाही हात पुढे केला नाही. "माय, हाई काय करं तू?" म्हणाले. "लोके काय म्हनतीन? उघड्यावर राहिन्यात तुम्ही!"

"तू येत नही म्हनीसन आम्ही उनूत," आत्याबाई म्हणाल्या.

दुसरी बाई नव्हती. ते मला त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळलं. ती असती तर निदान भांडायला कुणीतरी असतं. ते नुसते एकटे राहायला सरावले होते. काम, पगार, आठ जणांची खोली, रविवारी पत्ते. त्यात आमची जागा ते रोज जरा पुढे ढकलत गेले होते, आणि मग ती ढकलायचीही आठवण उरली नव्हती. ते म्हणाले, पुढच्या बोटीत मी तुम्हाला बसवून देतो. वर्षाअखेरीस येतोच कोरीटला.

आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी मला इतक्या लांब आणलं, सगळ्यांशी भांडल्या, आणि नेमक्या त्या वेळी गप्प बसल्या. त्यांचं म्हणणं मला समजलं. हे मलाच करायचं होतं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याकडे वर पाहून बोलायचं नाही, असंच मी वाढले होते. मी वर पाहिलं. "मी नही जास," मी म्हटलं.

"राहशी कोठे?"

"अठे."

"अठे? झयातमा?"

"खोली मिळाली की खोलीत. तोवर इथे. तुम्ही आमच्यात येऊन राहा, नाहीतर तुमच्या आठ जणांत. तुमचं तुम्ही ठरवा. माझं ठरलंय."

त्यांनी आईकडे पाहिलं. आत्याबाई ओलं लुगडं पिळत होत्या. त्यांनी बराच वेळ पिळलं. शेवटी ते पायरीवर आमच्याशेजारी बसले. सदरा ओला होत होता, ते लक्षात आल्यावरही उठले नाहीत.

खोली फुलवालीनंच शोधून दिली, तिच्या बहिणीच्या लाकडी घराचा वरचा अर्धा भाग. जिना इतका उभा होता की आत्याबाई मागे वळून, शिडी उतरावी तशा उतरत. आखाजीला, म्हणजे लेकी माहेरी येऊन झोके खेळतात त्या अक्षय तृतीयेला, त्यांनी वरच्या ओसरीच्या तुळईला दोर बांधून झोका केला. माहेर नाही तर नाही, झोका तर आहे, म्हणाल्या, आणि मला त्यावर बसवलं. खाली बर्मी पोरी जमल्या. त्यांना मी आमची गाणी म्हणून दाखवली.

त्यानंतर त्या पेरणीसाठी परत निघाल्या. एकट्या. यजमान सोडायला कलकत्त्यापर्यंत येतो म्हणत होते. "मन्हा वावरना रस्ता माले माहीत शे," त्या म्हणाल्या. धक्क्यावर त्यांनी फुलवालीच्या हातात उरलेल्या मिरच्यांचं गाठोडं दिलं. मला काही दिलं नाही, काही सांगितलं नाही. बोट वळेपर्यंत उभ्या होत्या, मग खाली बसल्या असाव्यात. दिसेनाशा झाल्या.

कोरीटला काय झालं ते मला फार उशिरा कळलं. समुद्र ओलांडला, परधर्माच्या देवळात राहिल्या, म्हणून भाऊबंदांनी प्रायश्चित्त घ्यायला सांगितलं. पंचगव्य आणि जेवणावळ. आत्याबाई म्हणाल्या, पेरणी चालू आहे, सवड नाही. त्या हंगामात कुणी त्यांना बैलजोडी दिली नाही, निंदणीला कुणाच्या घरची बाई आली नाही. सातपुड्यातून कामाला उतरणारी काही कुटुंबं दरवर्षी आमच्याकडे येत. त्यांना समुद्राशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या बायकांनी निंदणी केली आणि पीक घरात आलं. पुढे चुलत सासऱ्यांच्या विहिरीचं पाणी आटलं तेव्हा त्यांची माणसं आमच्या विहिरीवर आली. आत्याबाईंनी पाणी भरू दिलं. प्रायश्चित्ताचा विषय त्यांनी काढला नाही आणि दुसऱ्या कुणालाही काढू दिला नाही.

रंगूनला मी नऊ-दहा वर्षं संसार केला. मुलं तिथेच झाली. मी बाजारात बसले, आधी फुलवालीच्या शेजारी, मग माझं स्वतःचं मसाल्याचं पाल टाकून. यजमानांना आधी आवडलं नाही. मग सवय झाली. सवय लावून घेण्यात ते पटाईत होतेच. जपान्यांची लढाई जवळ येऊ लागली तशी आम्ही मुलांना घेऊन वेळेवर निघालो. ज्यांना उशीर झाला ते डोंगरांतून चालत आले, आणि त्यातले कितीतरी पोचलेच नाहीत. निघताना फुलवालीनं मला मिठी मारली. ती आता बरीच थकली होती. पुढे तिचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही.

कोरीटला बैलगाडीतून उतरलो तेव्हा ओट्यावर माणसं जमलेली होती. आत्याबाई दारात होत्या, जराशा वाकलेल्या. मुलं त्यांना पाहून माझ्या मागे लपली. एक भाऊबंद पुढे झाला. चुलत सासऱ्यांचाच मुलगा, आता तो घरचा मोठा होता. नरमाईनं म्हणाला, "वहिनी, आत जायच्या आधी जरा विधी करून घेऊ. फार काही नाही. भटजी येतीलच."

आत्याबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "माझ्या मुलांना भूक लागली आहे, भाऊजी. आणि दार उघडं आहे."

दारातली घागर भरलेली होतीच. मी मुलांचे पाय धुतले, स्वतःचे धुतले आणि आत गेले.